आधी उलट बाजू

आमच्या मंडळात गोधडी दाखवायची ती आधी उलटी. रंगीत बाजू टेबलाकडे, अस्तर वर. नव्याने येणाऱ्या बाईला हे ठाऊक नसतं. ती बिचारी महिनोनमहिने खपून केलेली फुलं-पाखरं मोठ्या झोकात पसरते, आणि आमची कात्रीबाई एक शब्द न बोलता ती गोधडी उचलून पालथी घालते. सुलट बाजूचं निम्मं श्रेय कापडाच्या दुकानाचं, असं तिचं म्हणणं. हात कळतो तो मागून.

कात्रीबाई म्हणजे मंडळाची प्रमुख. गळ्यात फितीला अडकवलेली छोटी कात्री असते, म्हणून हे नाव. बाकीच्या पाठीमागे म्हणतात, मी तोंडावर म्हणते. तिच्याजवळ एक बोथट सुई असते. उलट बाजूच्या कुठल्याही टाक्याखाली ती सुईचं टोक सरकवते आणि हलकेच वर उचलते. दोरा ताठ राहिला तर पुढचा टाका. दोरा सैल होऊन वर आला तर म्हणते, "उसवा." टाका वाकडा चालेल, ढिला चालणार नाही, हा मंडळाचा एकुलता एक नियम. उशिरा येणं, गप्पा मारणं, दुसरीच्या डब्यातली बिस्किटं संपवणं, हे सगळं चालतं.

आम्ही जमतो वाचनालयाच्या वरच्या खोलीत. दोन लांब टेबलं, एक कण्हणारा पंखा, खिडकीतून दिसणारं सायकल दुरुस्तीचं दुकान. खुर्च्यांच्या पायांना आम्ही जुने मोजे चढवलेत, कारण खुर्ची सरकली की खालचे वाचक काठीने छत ठोकायचे. आता खुर्च्या आवाज करत नाहीत, पण आमची तोंडं करतात, आणि त्यांना घालायला मोजे अजून मिळालेले नाहीत.

आता माझं सांगते. मी डावखुरी. रुग्णालयाच्या धुलाई विभागात फाटक्या चादरी शिवण्यात माझी सगळी नोकरी गेली. तिथे माझ्या टाक्याला कुणी नावं ठेवली नाहीत, कारण टाक्याकडे कुणी बघतच नव्हतं. चादर फाटली की बोंब, टिकली की कुणाला पत्ता नाही. मंडळात आले तेव्हा पहिल्यांदा कुणीतरी माझं शिवण उलटून पाहिलं, त्यावरून बोट फिरवलं आणि "वा" म्हटलं. कात्रीबाईच होती ती. त्या एका "वा"वर मी बरीच वर्षं काढली.

धाकटीला मंडळात मीच आणलं. धाकटी म्हणजे माझी जाऊ. घर एकच, ती आणि भावजी खाली राहतात, मी वर. माझे यजमान गेले, मुलं आपापल्या वाटेला लागली, आणि आम्ही दोघी एकमेकींच्या वाट्याला राहिलो. लग्न होऊन आली तेव्हा तिला साधं बटण लावता येत नव्हतं. शेजारी बसवून शिकवायला गेले तर तिचं सगळं उलटं व्हायचं, कारण माझी सुई एका अंगाने धावते आणि तिची दुसऱ्या. शेवटी वैतागून एक दिवस तिला समोर बसवलं आणि गाडी रुळावर आली. आरशात बघून केल्यासारखा तिचा हात माझ्या हाताबरोबर चालायला लागला. तेव्हापासून आम्ही कधी शेजारी बसून शिवलेलं नाही. आज मंडळात सगळ्यात सुबक टाका तिचा आहे. हे मी तिला सांगितलेलं नाही, उगाच डोक्यावर बसेल.

आणि मग माझा हात थरथरायला लागला. डावाच, नेमका. आधी बशीत कप वाजायला लागला, मग किल्ली कुलपाभोवती फिरायला लागली. डॉक्टरांनी हात पुढे करायला लावला, बोटं मिटायला-उघडायला लावली आणि सांगितलं, "हे कमी होणार नाही. हळूहळू वाढेल. शिवणकाम करता ना? करत राहा, जमेल तोवर." त्या 'जमेल तोवर'चा मला असा राग आला की घर येईपर्यंत मी मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत होते. जमेल तोवर म्हणे. जमणं काय त्यांच्या औषधाच्या बाटलीत होतं?

पहिलं गेलं ते सुई ओवणं. दोरा नेढ्याच्या अलीकडे जायचा, पलीकडे जायचा, फक्त आत जायचा नाही. धाकटीने ते पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून कामावर निघण्याआधी माझ्या टाचण्यांच्या गादीत ओवलेल्या सुया टोचून जायला लागली. ती औषधाच्या दुकानात गल्ल्यावर बसते, संध्याकाळीच परत येते. मी सकाळी चहा घेऊन बसले की समोर रांगेने सुया, शेपट्या सोडलेल्या. मला बरंही वाटायचं आणि चीडही यायची. दोन्ही मी गिळायचे आणि शिवायला बसायचे.

पण कात्रीबाईची बोथट सुई कुणाच्या हाताकडे बघत नाही. माझ्या एका उशीच्या अभ्र्यावर तिने टाका उचलला, दोरा वर आला. "उसवा." उसवून पुन्हा नेला, पुन्हा दोरा वर आला. तिसऱ्या वेळी ती "उसवा" म्हणाली नाही. मला खिडकीपाशी घेऊन गेली.

"पुढच्या वर्षीपासून चहापाण्याचं तुम्ही बघाल का?" ती म्हणाली. "तुमच्यासारखं नेटकं दुसरं कुणी नाही."

"चहा मला जमायचा नाही," मी म्हणाले. "हात थरथरतो. सांडेल."

तिला हसू आलं, पण तिने ते आवरलं. मी मुद्दाम सरळ तिच्याकडे बघत राहिले.

इथे एक सांगायला हवं. दरवर्षी मंडळ मिळून एक गोधडी करतं. प्रत्येकीने आपला एक चौकोन पुरा शिवून आणायचा: वर कापड, मध्ये कापूस, खाली अस्तर. मग ते चौकोन एकमेकांना जोडायचे. वार्षिक मेळाव्यात ती गोधडी दाखवतात, आजूबाजूच्या मंडळांच्या बायका येऊन नाकं मुरडून बघतात, आणि नंतर ती रुग्णालयाच्या मुलांच्या विभागात जाते. मेळाव्याच्या शेवटी पुढच्या वर्षीच्या चौकोनाचं कापड वाटतात आणि त्यावर पहिला टाका तिथेच, सगळ्यांसमोर घालायचा असतो. कापड मिळालं म्हणजे तुम्ही मंडळातल्या. नाही मिळालं म्हणजे पाहुण्या. पाहुण्यांशी सगळे फार गोड बोलतात. मला कुणी गोड बोललेलं नको होतं.

"यंदाचा माझा चौकोन बघा आणि मग ठरवा," मी कात्रीबाईला म्हणाले. "मेळाव्यात, सगळ्यांसमोर, तुमच्या त्या सुईने. टिकला तर कापड द्या."

"आणि नाही टिकला तर?"

"तर चहा. सांडला तर सांडला."

"ठरलं," ती म्हणाली. बाई कडक आहे, पण शब्दाची पक्की.

यंदा प्रत्येकीला एक पान करायचं होतं. हिरव्या कापडाचं पान कापून चौकोनावर ठेवायचं, त्याची कड तिरक्या टाक्यांनी आरपार शिवायची आणि भोवती धावदोऱ्याच्या ओळी. मी जीव ओतून केलं. मला वाटलं, बरं झालंय. डोळ्यांनाही म्हातारपण येतं, आणि ते बरंच काही लपवून ठेवतं. चौकोन द्यायच्या चार दिवस आधी मला सणकून ताप भरला, म्हणून तो धाकटीकडे देऊन ठेवला.

पुढच्या बैठकीला चौकोन जोडून झाले होते. गोधडी टेबलावर पालथी पसरलेली होती, आणि कात्रीबाई प्रत्येकीच्या चौकोनावरून नुसती नजर फिरवत होती. सुई मेळाव्यासाठी राखलेली. माझ्या चौकोनाशी ती थांबली. चष्मा वर केला, खाली केला.

"हात बरा झालेला दिसतोय तुमचा," ती म्हणाली. "छान झालाय हो."

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! खुर्चीवरून उडीच मारायची बाकी होती. मी पुढे झाले आणि माझ्या पानाच्या टाक्यांवरून बोट फिरवलं, लाडाने.

आणि बोट थबकलं. तिरका टाका उजव्या हाताने घातला की एका अंगाला कलतो, डाव्या हाताने घातला की दुसऱ्या अंगाला. पुस्तकाचं अक्षर उलटं छापल्यासारखा तो फरक दिसतो, ज्याला बघायची सवय आहे त्याला. त्या टेबलावर माझ्याशिवाय डावखुरी कुणी नाही. आणि माझ्या पानाचे टाके इतर सगळ्यांच्या पानांसारखेच एका बाजूला कललेले होते. बारीक, एकसारखे, देखणे, आणि माझे नव्हेत.

देठाशी बोट नेलं. ओळ संपवताना शेवटचा टाका दोनदा घालावा, म्हणजे दोरा सुटत नाही, असं मी धाकटीला शिकवलं होतं. ती तो तीनदा घालते. भित्री आहे, पहिल्यापासून. देठाशी माझ्या बोटाला तो तिहेरी उंचवटा लागला.

तळपायाची आग मस्तकात गेली. धाकटी समोरच बसली होती, खाली मान घालून चिंध्या गोळा करत. गोळा करायला तिथे चिंध्या नव्हत्याच. धाकटीने काही लपवलं की ती हातांना असं काम शोधते. तिला तिथल्या तिथे फैलावर घ्यावं, असं फार वाटलं. पण भांडून टाके परत येणार नव्हते.

"कडेची पट्टी लावायची राहिली आहे ना? मी घरी नेते," मी म्हणाले. कात्रीबाई जरा घुटमळली, पण नुकतंच माझं कौतुक करून बसली होती, आता नाही म्हणायला तोंड नव्हतं. धाकटीने चमकून वर पाहिलं आणि पुन्हा नसलेल्या चिंध्यांकडे वळली.

दुसऱ्या दिवशी ती कामाला गेली तशी मी गोधडी घेऊन खाली उतरले. भावजींच्या खोलीत उजेड चांगला. भावजी घड्याळं दुरुस्त करायचे. दुकान बंद केलं, पण टेबल घरी आणलं, आणि आता शेजाऱ्यापाजाऱ्यांची चालू घड्याळं उघडून बघत असतात. मी चौकोन पसरला, उसवणी काढली आणि धाकटीचा पहिला टाका कापला.

"वहिनी, हे काय?" भावजी चष्म्यावरून बघत म्हणाले.

"तुमच्या बायकोचा पराक्रम. गप्प बसा आणि तिला सांगू नका."

"मी कशाला सांगतोय? तिला सांगितलं तर ती मलाच बोलणार, आणि नाही सांगितलं तर तुम्ही बोलणार. गप्प बसणं स्वस्त."

टाके कापताना हात जड झाला. इतकं सुंदर काम तिने आयुष्यात केलं नसेल. एकेक टाका मोत्यासारखा, आणि तो माझ्या नावावर करून ती मोकळी झाली होती. मला तिचा राग येत होता आणि तिच्या हाताचा अभिमानही वाटत होता. मी कापत राहिले.

पान सुटलं, तेव्हा खालचं कापड दिसलं. घट्ट विणीचं कापड होतं. अशा कापडावर सुईची भोकं राहतात. माझ्या पहिल्या टाक्यांची भोकं तिथे होती, धाकटीने उसवण्याआधीची. ती ओळ कुठून कुठे गेली होती हे मी पहिल्यांदा नीट पाहिलं. एक भोक इथे, दुसरं भलतीकडे, मध्ये बोट जाईल एवढी फट, मग एकाच ठिकाणी सुई खुपसलेली पुन्हा पुन्हा. हे मी "बरं झालंय" म्हणून पाठवलं होतं. कात्रीबाईच्या सुईखाली यातला एकही टिकला नसता. मी भावजींच्या स्टुलावर बसून रडले. खोटं कशाला बोलू, चांगली हुंदके देऊन रडले. भावजींनी एक घड्याळ उघडलं, त्यात बघत बसले आणि मला रडू दिलं.

मग म्हणाले, "वहिनी, इथे या. माझ्या जागेवर बसा."

घड्याळजीचं टेबल साध्या टेबलापेक्षा फार उंच असतं. छातीला लागतं. बसलं की दोन्ही कोपरं, मनगटं सगळी टेबलावर टेकतात आणि फक्त बोटं मोकळी राहतात. "सगळ्यांचाच हात थरथरतो," भावजी म्हणाले, "माझाही थरथरायचा. टेकवला की कमी होतो. जात नाही, कमी होतो."

"एवढे दिवस सांगितलं नाहीत ते?"

"तुम्ही विचारलंत कधी? तुम्ही कुणाला काही विचारता का?"

मी त्यांच्या जागेवर बसले. सुई घेतली. गादीत धाकटीने सकाळी ओवून ठेवलेल्या सुया होत्याच. तिच्याच सुयांनी मी तिचेच टाके पुसत होते. पहिला टाका घातला. वाकडा. दुसरा घातला. वाकडा. पण सुई नेताना हात थरथरला तरी दोरा ओढायला उजवा हात धडधाकट होता. प्रत्येक टाक्यानंतर मी उजव्या हाताने दोरा ओढून घट्ट बसवायचे आणि बोथट सुईने स्वतःच उचलून बघायचे. वर आला की उसवायचा. पहिल्या दिवशी पानाचं एक टोकही पुरं झालं नाही. दुसऱ्या दिवशी झालं. दुपारी भावजी जेवायला हाक मारायचे, मी "आले" म्हणायचे आणि जायचे नाही. मान आखडली, बोटांच्या पेरांना सुई लागून लागून चाळण झाली. संध्याकाळी धाकटी आली की गोधडी वर, आणि मी वर्तमानपत्र उघडून बसलेली.

"पट्टी झाली का हो, ताई?" ती विचारायची.

"होतेय," मी म्हणायचे. ती पुढे काही विचारायची नाही. तिलाही विचारायचं धैर्य नव्हतं.

पान झालं, ओळी झाल्या, शेवटी पट्टीही लागली. चौकोन समोर धरून बघितला. वाकडा तो वाकडाच. निरखून पाहायला नको, दाराकडूनसुद्धा दिसत होतं. धाकटीचा राहू दिला असता तर कापड नक्की होतं, हे मला कळत होतं. आता कशाचीच खात्री नव्हती. पण धुलाईच्या यंत्रात उकळत्या पाण्यात चादरींचं काय होतं हे मी जन्मभर पाहिलंय, आणि माझ्या हाताला माहीत होतं की हे टाके धरतील. धाकटीचेही धरलेच असते. पण ते धाकटीचे होते.

मेळाव्याच्या दिवशी खालचं वाचनालय आम्हाला दिलेलं असतं. कपाटं भिंतीशी सरकवलेली, मधोमध टेबलं जोडलेली. गोधडी आणली, पालथी पसरली, आणि धाकटीची नजर गेली. तिच्या चेहऱ्याचा रंगच उडाला. तिने माझ्याकडे पाहिलं, मी खिडकीकडे पाहिलं.

दुसऱ्या मंडळाची एक जाड चष्म्याची बाई वाकून बघत होती. "अय्या, तुम्ही मुलांनाही घेता का मंडळात?" माझ्या चौकोनावर बोट ठेवून ती कौतुकाने म्हणाली. "किती गोड!"

"माझा आहे तो," मी म्हणाले. "आणि मी गोड नाही."

कात्रीबाई आवाज ऐकून आली. तिने चौकोन पाहिला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिला. "मागच्या वेळी मी पाहिला तो हा नाही."

बायका गोळा झाल्या होत्या. माझा हात इतका थरथरत होता की मी तो टेबलाच्या कडेवर दाबून धरला. "मागच्या वेळी तुम्ही पाहिलेले टाके माझे नव्हते," मी म्हणाले. "चौकोनावर माझं नाव आणि टाके दुसरीचे. ते मी उसवले. हे माझे आहेत. तपासा."

"दुसरीचे म्हणजे कुणाचे?"

"ते मी सांगणार नाही."

मग धाकटी उभी राहिली. तिच्या खुर्चीला मोजे नव्हते, ती खालच्या मजल्याची खुर्ची, केवढ्यांदा तरी करकरली.

"माझे होते," ती म्हणाली. "मीच केलं. ताईंना न विचारता." आणि मग कात्रीबाईला सोडून माझ्याकडे वळली. तिचा आवाज फाटला. "उसवलेत कशाला? मिळालं असतं ना कापड तुम्हाला!"

"तुला मिळालं असतं," मी म्हणाले. "माझ्या नावाने."

"मला बघवत नव्हतं, ताई. तुम्ही तो चौकोन माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, छान झालाय. मी काय करायला हवं होतं?"

"सांगायला हवं होतंस. मी चिडले असते, दोन दिवस बोलले नसते, आणि पुन्हा शिवला असता." माझे डोळे भरून आले होते आणि मी ते पुसले नाहीत. "तू माझा हात आहेस का? माझा हात हा आहे. जसा आहे तसा."

धाकटी रडत होती. चष्म्याची बाई दोन पावलं मागे सरकली, पण कान तिथेच ठेवून गेली.

कात्रीबाईने पर्समधून बोथट सुई काढली. वाकली. पानाच्या टोकापासून सुरुवात केली. सुई टाक्याखाली, वर. दोरा हलला नाही. पुढचा. पुढचा. बाकीच्या चौकोनांना ती दोन-चार ठिकाणी बघते. माझ्या चौकोनाची तिने कड न कड तपासली. देठाशी आली. सुई सरकवली, उचलली, आणि दोरा वर आला. थोडासाच, पण आला. सगळ्यांनी पाहिला.

कात्रीबाई सरळ झाली. माझ्याकडे बघून म्हणाली, "हा उसवा."

मी थांबले. पुढे काही तरी येईल, चहाचं, म्हणून.

"बहिऱ्या झालात का? देठाचा एक ढिला आहे, तो उसवून पुन्हा घाला, मगच गोधडी रुग्णालयात जाईल. बाकीचे धरतात." तिने सुई पर्समध्ये टाकली. "वाकडे आहेत. पण वाकड्याचा नियम नाही आपल्याकडे."

सांगते, त्या "वा"पेक्षा हा "उसवा" मला गोड लागला.

मग कापडाचं वाटप. कापून आणायचं काम यंदा धाकटीकडे होतं. कात्रीबाई तिला म्हणाली, "एक तुकडा वाढवावा लागेल. मी यादीत धरला नव्हता."

"कापलाय," धाकटी नाक पुसत म्हणाली. "पहिला तोच कापला होता."

ती एकेकीपुढे तुकडा ठेवत, ओवलेली सुई देत पुढे गेली. माझ्यापर्यंत आली. कापड ठेवलं, निळं. शेजारी दोऱ्याचं रीळ ठेवलं आणि सुई ठेवली. मी सुई उचलली. नेढं रिकामं होतं.

मी वर पाहिलं. धाकटी टेबलाला वळसा घालून गेली आणि माझ्या समोरच्या खुर्चीत बसली. आम्ही जशा नेहमी बसतो तशी.

बाकीच्यांचे पहिले टाके घालून झाले. कुणी तरी चहा ओतायला लागलं. मी दोरा तोडला, टोक ओलं केलं, दोन्ही कोपरं टेबलावर टेकवली. दोरा नेढ्याच्या अलीकडे गेला. पलीकडे गेला. पुन्हा ओला केला. हळूहळू सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. चष्म्याच्या बाईला राहवेना. "द्या इकडे, मी देते ओवून," म्हणत तिने हात पुढे केला.

"थांबा," धाकटी म्हणाली. "त्या ओवतील."

बाईने हात मागे घेतला. मी पुन्हा दोरा उचलला. किती वेळ लागला ते मी कुणाला सांगणार नाही, तिथे असलेल्यांनीही सांगू नये. दोरा आत गेला तेव्हा सगळ्यांचा चहा गार झाला होता. मी सुई निळ्या कापडात घातली, पहिला टाका ओढून घट्ट केला, आणि तेव्हा कुठे धाकटीने आपल्या मांड्यांखाली दाबून धरलेले दोन्ही हात बाहेर काढले.